गाशेंनी शिकवलेली हजेरी

रुजू करून घेतल्याचं पत्र हातात आलं, त्यावर साल होतं 2003. प्रत्यक्षात 2010 चा सप्टेंबर चालू होता. टाइप करणाऱ्याची चूक असेल असं समजून मी ते दुरुस्त करून मागायला गेलो. चूक माझीच होती. इथिओपियाचं पंचांग तेरा महिन्यांचं, आपल्या इंग्रजी कॅलेंडरच्या सात-आठ वर्षं मागे चालणारं, आणि त्यांचं नवं वर्ष सप्टेंबरात नुकतंच लागलेलं. पुढेही असंच होत राहिलं. समोर दिसलेली चूक बहुतेक वेळा माझीच निघायची. ती मला न दुखवता दाखवून देणारा माणूस पहिल्याच आठवड्यात भेटला. त्यांच्याविषयी लिहायचं फार वर्षं राहून गेलं.

सांगलीतल्या कॉलेजात सोळा वर्षं गणित शिकवून मी गोंदरला गेलो. सम्राट फासिलिदासने सतराव्या शतकात राजधानी म्हणून वसवलेलं हे डोंगरी गाव. त्या काळात इथिओपियात नवी विद्यापीठं झपाट्यानं उघडत होती आणि भारतातून बरेच प्राध्यापक कराराने तिकडे जात होते. मीही दोन वर्षांच्या करारावर गेलो, पगारासाठी. आणि खरं सांगायचं तर, आपण तिकडे काहीतरी द्यायला चाललो आहोत, हा गर्व मनात घेऊन गेलो. तिथून काही घ्यायचं असेल, हे मनातही आलं नव्हतं.

आमच्या विभागात साठीकडे झुकलेले एक मदतनीस होते. आपल्याकडे ज्यांना शिपाईमामा म्हणतात, ते काम त्यांचं. सगळे त्यांना ‘गाशे’ म्हणत. वडीलधाऱ्या पुरुषाला आदरानं हाक मारायचा हा अम्हारिक शब्द. मीही गाशे म्हणू लागलो. ते मला ‘मेम्हिर’ म्हणत, म्हणजे शिक्षक.

पहिल्या तासाला मी दुपारी दोन वाजता पोचलो. वेळापत्रकात दोन लिहिलं होतं. वर्ग रिकामा होता. मुलं बेजबाबदार आहेत, असं मी विभागात येऊन जरा मोठ्यानंच बोललो. गाशेंनी माझं मनगट हातात घेतलं आणि घड्याळाच्या काचेवर बोट ठेवलं. तिथे दिवस सूर्य उगवल्यावर सुरू होतो. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, आठ म्हणजे दोन. मुलं सकाळी आठला येऊन तासभर माझी वाट पाहून गेली होती. ‘सहा वजा करा, मेम्हिर,’ एवढंच ते म्हणाले. माझी आजी ‘दिवस कासराभर वर आला’ म्हणून वेळ सांगायची. तिच्या नातवाला उन्हावरून वेळ मोजणारी माणसं मागासलेली वाटावीत, याची मला त्या दिवशी लाज वाटली.

मी शाकाहारी. पहिले पंधरा दिवस केळी आणि पावावर काढले. हे गाशेंच्या लक्षात आलं. त्यांनी मला एकच शब्द पाठ करून घेतला, ‘त्सोम’, म्हणजे उपवास. तिथल्या ऑर्थोडॉक्स चर्चचे लोक बुधवारी आणि शुक्रवारी मांसच काय, दूध आणि अंडीही वर्ज्य करतात. उपवासाचं जेवण मागितलं की टेफ या धान्याच्या आंबवलेल्या पिठाची जाळीदार भाकरी, इंजेरा, समोर येई आणि तिच्यावर मसूर, पालेभाजी आणि डाळीच्या पिठाची शिरो. आमच्या पिठल्याच्या जवळची ती चव पहिल्यांदा जिभेवर आली, तेव्हा घास काही वेळ तोंडातच राहिला.

वर्गात मात्र माझं जमत नव्हतं. मुलं गप्प बसत. ‘समजलं का?’ विचारलं की कुणीच बोलत नसे, फक्त श्वास आत ओढल्यासारखा बारीक आवाज येई. मुलं दचकतात किंवा कंटाळतात, असा मी अर्थ लावला. घरी फोनवर सांगायचो, ‘पोरांचा पाया कच्चा आहे.’ संध्याकाळी आम्ही भारतीय प्राध्यापक एकत्र जमायचो आणि सगळे हेच बोलायचे. मग ते आणखी खरं वाटे.

तिसऱ्या बाकावर बसणारा एक मुलगा हजेरीच्या वेळी हाक मारली की क्षणभर थांबून उठायचा. रोज. नोव्हेंबरात एकदा मी त्याच्यावर ओरडलो, ‘स्वतःचं नावही ऐकू येत नाही का?’ तो मान खाली घालून उभा राहिला. गाशे खडूची पेटी द्यायला दारात आले होते. त्यांनी ते ऐकलं.

त्या दिवशी त्यांनी मला कॉफीला बसवलं. एरवी वेळ नाही म्हणून मी टाळायचो. तिथे कॉफी म्हणजे हिरव्या बिया समोर भाजायच्या, कुटायच्या, जेबेना नावाच्या मातीच्या भांड्यात उकळायच्या आणि एकाच चोथ्यावर तीनदा प्यायच्या. पहिली अबोल, दुसरी तोना, तिसरी बराका, म्हणजे आशीर्वाद. तिसऱ्या पेल्यापर्यंत गाशे काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘मेम्हिर, तुम्ही त्या मुलाला हाक मारत नाही. त्याच्या वडिलांना हाक मारता. ते आता नाहीत.’

इथिओपियात आडनाव नसतं. आधी स्वतःचं नाव, पुढे वडिलांचं. यादीतलं दुसरं नाव आडनाव समजून मी दोन महिने पन्नास मुलांना त्यांच्या वडिलांच्या नावानं बोलावत होतो. आपल्याकडे बहुतेकांच्या नावात मध्ये वडील असतात. तरी मी साधी चौकशी केली नव्हती.

गाशे पुढे म्हणाले, ‘मी शाळेत होतो तेव्हा देशात अजून सम्राटांची राजवट होती. त्या काळात आम्हाला गणित शिकवायला तुमच्या देशातले मास्तर होते. चांगलं शिकवायचे. वर्षभर त्यांनी मला वडिलांच्या नावानं हाक मारली. माझी हिंमत झाली नाही. मग ते परत गेले. त्यांना सांगायचं राहिलं, म्हणून तुम्हाला सांगतोय.’ त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. गाशेंनी इतकी वर्षं ते मनात जपून ठेवलं होतं, आणि मला एका दिवसात दिलं.

मी त्यांना त्यांचं नाव विचारलं. तोवर मला ते माहीत नव्हतं. ‘गाशे’ एवढ्यावर माझं भागत होतं. त्यांनी माझ्या हजेरीपटाच्या पहिल्या पानावर आपल्या लिपीत ते लिहिलं. त्यांना विचारल्याशिवाय ते इथे छापणं बरं नाही.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात त्या मुलाची माफी मागितली आणि त्याला त्याच्या नावानं हाक मारली. तो लगेच उठला. बोलला काही नाही, फक्त श्वास आत ओढला. गाशेंनी आदल्या संध्याकाळी मला हेही सांगितलं होतं, की तिकडे असा आत घेतलेला श्वास म्हणजे ‘हो’. दोन महिने मुलं मला ‘हो’ म्हणत होती आणि मी ते ऐकत नव्हतो.

त्यानंतर रोज दुपारी गाशे मला अक्षरं शिकवू लागले. 33 मूळ अक्षरं, प्रत्येकाची स्वरांप्रमाणे सात रूपं. बाराखडीवर वाढलेल्या माणसाला ती रचना ओळखीची वाटली, तरी हात वळत नव्हता. चुकलेलं अक्षर ते खोडत नसत, शेजारी बरोबर अक्षर लिहीत. मुलांच्या वह्या तपासताना मीही मग तसंच करू लागलो. मुलांच्या नावांचे अर्थही तेच सांगत. कुणाचं नाव ‘माझी आशा’, कुणाचं ‘आनंद’. ज्यांचा पाया मी कच्चा ठरवला होता ती मुलं हळूहळू प्रश्न विचारू लागली आणि त्यांच्या प्रश्नांवरून माझं शिकवणं किती घाईचं होतं ते मला कळलं. दोन वर्षांचा करार चार वर्षांचा झाला.

2014 मध्ये सांगलीला परतलो. पहिल्या दिवशी हजेरीपट उघडला आणि सवयीनं तोंडात आलं, ‘रोल नंबर एक.’ तिथेच थांबलो. गोंदरला जाण्याआधी सोळा वर्षं मी नंबरच पुकारले होते. त्या वर्षांतली किती मुलं आपलं नाव माझ्या तोंडून एकदाही न ऐकता गेली असतील! त्यांची माफी मागायला आता मी कुठे जाणार? मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, नाव घेऊन. ऐंशी मुलांच्या वर्गात त्याला वेळ लागतो. तासातली तेवढी मिनिटं गाशेंची, असं मी मानतो.