टिंबाची कळ

दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या डोंगरातल्या. जुन्या फॉन्टमधलं पुस्तक युनिकोडमध्ये आणताना हा फरक अनेकदा पुसला जातो आणि ‘दुसऱ्या’, ‘साऱ्या’, ‘वाऱ्यावर’ या शब्दांत नको तो रफार शिरतो. नागपुरात महाल भागातल्या जुन्या वस्तीत बसून डीटीपीचं काम करणाऱ्या माणसाला अशा वेळी ‘सगळीकडे बदला’ ही आज्ञा उपयोगाची नसते. ती दिली, तर आचार्यांना धाडलेलं निमंत्रण आचाऱ्यांना जाईल. जागा एकेक करून पाहायची आणि ठरवायचं.

ठरवणं डोक्याचं काम. हाताचं काम मात्र दर वेळी तेच असतं, आणि त्यासाठी विम या मजकूर-संपादकात पूर्णविरामाची, म्हणजे टिंबाची, कळ आहे. ‘र्य’ शोधायचा, ‘एस’ दाबून रफाराचा ‘र्’ काढायचा, ‘ऱ्’ टंकायचा, एस्केप. एवढं सगळं मिळून विमच्या लेखी एकच दुरुस्ती. पुढे ‘एन’ दाबलं की पुढची जागा येते, टिंब दाबलं की तीच दुरुस्ती होते. आचार्य आले तर पुन्हा ‘एन’.

मराठीत याचा फायदा दुप्पट. इन्स्क्रिप्ट कळफलक चालू असताना ‘एन’च्या जागी ‘ल’ उमटतो, म्हणून आज्ञांसाठी इंग्रजीत जावं लागतं. ‘ऱ्’ एकदाच टंकला की परत मराठीत यायची गरजच उरत नाही. (टिंब तर दोन्हीकडे त्याच कळीवर आहे!)

बिल जॉय यांनी बर्कलेत 1976 मध्ये ‘व्हीआय’ हा विमचा पूर्वज लिहिला, तेव्हा 300 बॉडच्या मोडेमवर प्रत्येक कळ महाग होती. ती काटकसर ब्रॅम मूलेनार यांच्या 1991 च्या विममध्ये जशीच्या तशी आली.

वर्डमध्ये हेच काम एफ-4 करते. पण शीर्षक आधी ठळक केलं, मग मोठं केलं, तर एफ-4 फक्त शेवटची कृती उचलते. दोन्ही फॉन्टच्या चौकटीतून एकदम केलं, तर दोन्ही उचलते. ईमॅक्स या दुसऱ्या मजकूर-संपादकात कंट्रोल-एक्स आणि झेड दाबल्यावर नुसतं झेड दाबत राहायचं. मात्र अनेक पायऱ्यांची दुरुस्ती असेल, तर ती एफ-3 ने नोंदवायला सुरुवात करून एफ-4 ने संपवायची. पुढे प्रत्येक एफ-4 ला ती पुन्हा घडते.

म्हणजे खरं कसब पहिल्या दुरुस्तीत आहे. ती कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे हात लावण्याआधीच ठरलेलं हवं. विममध्ये टंकताना मध्येच बाणाची कळ दाबली, तरी दुरुस्तीचे दोन तुकडे होतात आणि टिंबाला शेवटचाच तुकडा आठवतो. म्हणून सरावलेला माणूस टंकताना चूक दिसली, तर बाणाने मागे जात नाही. बॅकस्पेसने खोडून तिथेच पुन्हा लिहितो.