भास, भ्रम आणि नाना

बरेच दिवस हे लिहायचं मनात होतं. नाना २०१९ च्या जानेवारीत गेले. त्यानंतर घरातल्या बोलण्यात एक वाक्य अधूनमधून येत राहिलं, "शेवटी शेवटी नानांच्या डोक्यावर परिणाम झाला होता." म्हणणारी माणसं प्रेमाची आहेत, वाईट हेतूने कुणीच म्हणत नाही. आई ऐकते आणि विषय बदलते. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते आहे. आईला विचारूनच लिहिते आहे.

नानांना पार्किन्सन्स होता हे सगळ्यांना माहीत आहे. २००७ साली निदान झालं तेव्हा ते ६५ वर्षांचे होते. पाटबंधारे खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेला माणूस, दिवसाला पाच-सहा किलोमीटर सहज चालणारा. आधी उजवा हात थरथरायला लागला, कप बशीवर वाजायला लागला. मग हिशोबाच्या वहीतलं अक्षर बारीक बारीक होत गेलं. आयुर्वेदात कंपवात म्हणतात तो हाच, असं बरेच जण सांतात ना, तेही आम्हाला बऱ्याच जणांनी सांगितलं.

पार्किन्सन्स म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर थरथरणारा हात येतो. फार तर ताठरलेलं शरीर आणि छोटी छोटी पावलं. लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरने १८१७ साली या आजारावर पहिला निबंध लिहिला, अवघ्या सहा रुग्णांवरून. त्यात त्याने म्हटलं होतं की या आजारात बुद्धी आणि संवेदना शाबूत राहतात. तो गेल्यावर दोनशे वर्षांत वैद्यकशास्त्र बरंच पुढे गेलं, पण घराघरात अजून तीच समजूत आहे. त्यामुळे पुढे जे घडतं त्याला कुणाची तयारीच नसते.

आमच्याकडे ते २०१४ मध्ये सुरू झालं. आधी नुसतं कुणीतरी बाजूने गेल्यासारखं वाटायचं. नाना मान वळवून बघायचे. मग खोलीत आपल्या मागे कुणीतरी उभं आहे असं वाटायला लागलं. खुंटीवरचा टॉवेल संध्याकाळच्या उजेडात माणूस व्हायचा. आणि एक दिवस पडवीत मुलं येऊन बसली. तीन मुलं आणि एक मुलगी. आवाज नाही, गडबड नाही, नुसती बसलेली. नाना घाबरले वगैरे नाहीत. आईला म्हणाले, "अगं, त्या पोरांना लाडू तरी दे."

गंमत म्हणजे ती मुलं खरी नाहीत हे त्यांना कळत होतं. मी फोनवर विचारलं तर म्हणाले, "दिसतात स्पष्ट. मुलीने फ्रॉक घातलाय. पण फरशीवर त्यांची सावली पडत नाही, तेव्हा नसणार." ओव्हरसियरचं डोकं, शेवटपर्यंत मोजमाप चालूच!

तर मंडळी, मराठीत दोन चांगले शब्द आहेत, भास आणि भ्रम. आपण ते सरमिसळ करून वापरतो, पण या आजारात त्यांतला फरक फार उपयोगी पडतो. नसलेलं दिसणं, ऐकू येणं म्हणजे भास. नसलेलं खरं मानून बसणं म्हणजे भ्रम. पडवीतली मुलं हा भास होता. नानांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला नव्हता, म्हणून अजून भ्रम नव्हता.

हे होतं कशामुळे? आपल्याला वाटतं डोळा कॅमेऱ्यासारखा सगळं टिपतो. प्रत्यक्षात डोळ्यांकडून अर्धवट माहिती येते आणि उरलेलं मेंदू अनुभवाने भरून काढतो. अंधारात दोरी साप वाटते ती त्यामुळेच. मग आपण नीट बघतो आणि मेंदू आपली चूक सुधारतो. पार्किन्सन्समध्ये ही सुधारणा करणारी यंत्रणा ढिली पडते. फ्रेडरिक लेवी या शास्त्रज्ञाला १९१२ मध्ये अशा रुग्णांच्या मेंदूतल्या पेशींत बारीक गोळे दिसले होते. ते मुख्यतः अल्फा-सिन्युक्लिन नावाच्या प्रथिनाचे असतात हे १९९७ मध्ये कळलं. ही साठवण नुसती हालचालीच्या भागात थांबत नाही, हळूहळू मेंदूत इतरत्रही पसरते. ज्यांचा आजार बरीच वर्षं चालतो त्यांच्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांना कधी ना कधी असं काही अनुभवाला येतं.

यात दुसरा वाटा औषधाचा. या आजारात मेंदूतलं डोपामिन कमी होतं, म्हणून ते वाढवणाऱ्या गोळ्या देतात. त्यातलं मुख्य औषध लेव्होडोपा, १९६० च्या दशकात आलेलं. माणूस त्याने चालायला लागतो, पण डोपामिन जिथे नको तिथेही पोचतं आणि भासांना खतपाणी मिळतं. ऑलिव्हर सॅक्स या डॉक्टरने १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये वर्षानुवर्षं पुतळ्यासारख्या बसलेल्या रुग्णांना हे औषध दिलं. ते उठले, चालले, बोलले. आणि काही महिन्यांत त्यातल्या काहींना भास सुरू झाले. त्यावरचं 'अवेकनिंग्ज' हे पुस्तक १९७३ चं. १९९० च्या सिनेमात डॉक्टरचं काम रॉबिन विल्यम्सने केलं होतं. हाच रॉबिन विल्यम्स २०१४ मध्ये गेला. त्याआधी काही महिने त्यालाही पार्किन्सन्सचं निदान झालं होतं, आणि शवविच्छेदनात त्याच्या मेंदूभर तेच लेवीचे गोळे सापडले. शेवटच्या काळात तो भीतीने आणि संशयाने किती पोखरला होता ते त्याच्या पत्नीने २०१६ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं. ते वाचलं तेव्हा आमच्या घरातही संशय येऊन बसला होता.

आता अवघड भाग.

२०१६ च्या पावसाळ्यात नाना आईवर संशय घ्यायला लागले. दुपारी कुणीतरी माणूस घरी येतो म्हणे. दूधवाल्याशी आई दोन मिनिटं जास्त बोलली तर नाना आतून हाका मारायचे. लग्नाला ४८ वर्षं झाली होती. आईला गुडघ्यांमुळे जिना चढवत नव्हता. पण त्या संशयाला वय आणि गुडघे दिसत नव्हते. इथे सावली मोजणारे नाना नव्हते, इथे त्यांची खात्री होती. हा भ्रम.

आईने हे चार महिने कुणाला सांगितलं नाही. मलाही नाही. बाहेरचं दार उघडंच ठेवायला लागली, शेजारी जाणं बंद केलं. मी दिवाळीला गेले तेव्हा माझ्यासमोरच नाना बोलले, म्हणून कळलं. रात्री ओट्यापाशी भांडी विसळता विसळता आई एवढंच म्हणाली, "ह्यांना असं वाटतं म्हणजे माझ्यात काही कमी पडलं असेल का गं?"

पुण्याच्या न्यूरॉलॉजिस्टना मी हे चाचरत सांगितलं. ते जराही चकित झाले नाहीत. जोडीदाराच्या निष्ठेवर संशय हा पार्किन्सन्समधल्या भ्रमांचा अगदी ओळखीचा प्रकार आहे, म्हणाले. चोरीचा संशय, घर आपलं नाहीच असं वाटणं, हेही. आईला शेजारी बसवून त्यांनी सांगितलं की जसा हात थरथरतो तसाच हा संशय येतो, हात थरथरला म्हणून तुम्ही स्वतःला दोष देता का? आईला पटलं. पण बाहेर आल्यावर म्हणाली, "आजाराचं नाव कळलं तरी लागायचं ते लागतंच."

लागायचं ते लागतंच. हे मला नातेवाइकांना मुद्दाम सांगायचं आहे. "आजारी माणसाचं काय मनावर घ्यायचं" हे बाहेरून म्हणायला सोपं आहे.

मधल्या काळात सल्लेही पुष्कळ आले. गाणगापूरला नेऊन आणा, बाहेरचं असेल. खाजकुयलीचं चूर्ण द्या, झाडपाल्याचं आहे, अपाय नाही. या खाजकुयलीच्या बियांत लेव्होडोपाच असतं, हे भारतातल्याच संशोधकांनी १९३७ मध्ये दाखवलं होतं. म्हणजे गोळी चालू असताना चूर्ण घेतलं तर डोस वाढतो, आणि भासही वाढू शकतात. कुणी आणून दिलं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका एवढंच सांगते.

आणि एक रात्र. नाना फार आरडाओरडा करायला लागले म्हणून गावातल्या एका दवाखान्यात नेलं. तिथे शांत व्हायचं इंजेक्शन दिलं, हॅलोपेरिडॉल. नाना शांत झाले, पण त्यानंतर चार दिवस लाकडासारखे पडून होते. घोट गिळता येईना. मानसिक आजारात वापरली जाणारी बरीचशी औषधं डोपामिनच अडवतात, आणि पार्किन्सन्सच्या माणसाकडे ते आधीच कमी असतं. तेव्हापासून आईने नानांच्या फाइलवर लाल पेनाने ठळक लिहून ठेवलं होतं, "पार्किन्सन्स आहे. हॅलोपेरिडॉल देऊ नये." ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांनी असा कागद जरूर करावा.

मग नीट उपचार सुरू झाले. आधी लघवीची आणि रक्ताची तपासणी, कारण साधं लघवीचं इन्फेक्शन किंवा सोडियम कमी होणं यानेही म्हाताऱ्या माणसाला एकाएकी भ्रम होतो. ते निघालं आणि बरं झालं, थोडा फरक पडला. मग थरथरीसाठीची एक जुनी गोळी बंद केली, ती गोंधळ वाढवते म्हणून. झोपताना क्वेटियापिनचा अगदी बारीक डोस सुरू केला. क्लोझापिन हे याहून खात्रीचं, पण त्याला वारंवार रक्त तपासावं लागतं. डोपामिनला हात न लावणारं पिमाव्हॅन्सेरिन हे औषध अमेरिकेत २०१६ मध्येच मंजूर झालं होतं, आमच्यापर्यंत ते काही आलं नाही.

तरीही संशय पुरता जाईना. तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता मुख्य गोळीच कमी करून बघावी लागेल. पण चालणं जाईल. हे ते आम्हाला सांगत होते, आणि नाना समोरच बसले होते. तो त्यांचा चांगला दिवस होता, गोळीचा असर असतानाचा तास. नाना अगदी हळू, तुटक बोलले. म्हणाले, "मुलं बसू देत पडवीत. त्यांचा त्रास नाही. पण हिच्याबद्दल डोक्यात जे येतं ते घालवा. पाय नाही चालले तरी चालेल."

डॉक्टर थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. आई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिली.

गोळी कमी केली. दोन-तीन महिन्यांत नानांचं चालणं जवळजवळ थांबलं. आंघोळीला, जेवायला माणूस लागायला लागला, आणि तो माणूस बहुतेक वेळा आईच असायची. संशय बराच ओसरला. कधीतरी डोकं वर काढायचा, पण आधीसारखी धार नव्हती. मुलं मात्र शेवटपर्यंत येत राहिली.

त्यांच्याशी कसं वागायचं हे आईने स्वतःच शोधून काढलं होतं. "नाहीतच ती" म्हणून वाद नाही, आणि "हो हो, आहेत" म्हणून खोटंही नाही. "मला दिसत नाहीत हो, पण तुम्हाला दिसतायत ना, असू देत," असं म्हणायची. दिवेलागणीला पडवीतला मोठा दिवा लावायची, खुंटीवरचे कपडे आत न्यायची. उजेड झाला की निम्मी मुलं जायची! नंतर डॉक्टरांनी हेच सगळं छापील पत्रकात दिलं तेव्हा आई म्हणाली, "हे तर मी करतेच."

तर नानांच्या डोक्यावर परिणाम झाला होता का? झाला होता. मेंदूचा आजार होता, मेंदूवर परिणाम होणारच. पण त्याच डोक्याने एका चांगल्या तासात आपले पाय देऊन बायकोची अब्रू राखायची ठरवलं, हेही त्याच वाक्यात धरा एवढीच विनंती आहे.

असो. ज्यांच्या घरी पार्किन्सन्सचं माणूस आहे त्यांना एक सांगते. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाण्याआधी त्यांना एकटं बसवून सहज विचारा, "कधी काही दिसतं का हो? कुणी बाजूने गेल्यासारखं?" बरीच माणसं आपल्याला वेडं ठरवतील या भीतीने सांगत नाहीत, आणि तपासणीच्या दहा मिनिटांत विचारायचं राहून जातं. आणि त्यांची काळजी घेणाऱ्या माणसालाही वेगळं बसवून विचारा. आमच्याकडे ते चार महिने आईने एकटीने काढले.