शॉकअप, आई आणि सडक अर्जुनी

काही गावांच्या नावातच त्यांचा पत्ता असतो. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी दोन. एक अर्जुनी मोरगाव आणि दुसरी ही नागपूर-रायपूर हायवेवरची, म्हणून सडक अर्जुनी. नावातच सडक! आपल्यासारख्या बाइकवाल्यांना आणखी वेगळं आमंत्रण कशाला हवं?

नागपूरहून सकाळी सहाला निघायचं. भंडाऱ्याला वैनगंगा ओलांडायची, साकोलीला तर्री-पोहे हाणायचे आणि सव्वाशे-एकशेतीस किलोमीटर झाले की कोहमाऱ्याचा चौक येतो. डावीकडे गोरेगावमार्गे गोंदिया, उजवीकडे नवेगावबांध. सडक अर्जुनी इथून हाकेच्या अंतरावर. साकोलीनंतरचा पट्टा तर भन्नाटच. उत्तरेला नागझिरा, दक्षिणेला नवेगाव आणि मधून आपण. २०१३ मध्ये दोन्ही जंगलं मिळून एक व्याघ्र प्रकल्प झाला. हायवे आपला असला, तरी रस्ता ओलांडायचा पहिला मान त्यांचा, हे लक्षात ठेवून गाडी चालवायची.

हा रस्ता मी एकट्याने कितीदा तरी केलाय. गेल्या हिवाळ्यात मात्र मामला वेगळा होता. आईला मावशीकडे जायचं होतं. मावशीचं गाव सडक अर्जुनीपासून आत दहा-बारा किलोमीटर. धानाच्या बांध्या, मोहाची झाडं, मधे एक मामा तलाव (म्हणजे माजी मालगुजारी तलाव, कुणाचा मामा नव्हे!). रस्ता सुंदर, पण खड्डे आणि गतिरोधक मोजायला बसलात तर दिवस जाईल. आईला मणक्याचा त्रास. डॉक्टरांनी सांगितलेलं, झटके टाळा. त्यामुळे दोन वर्षं बहिणी-बहिणींची भेट फोनवरच. ठरलं असं की आई कोहमाऱ्यापर्यंत एसटीने येईल आणि पुढे माझ्या मागे बसेल.

मी आदल्या रात्री एकदम तयारीत. आईला मऊ मऊ वाटावं म्हणून मागचे दोन्ही शॉकअप फिरवून पहिल्या खाचेवर, म्हणजे सगळ्यात सॉफ्ट सेटिंगवर आणून ठेवले. स्वतःवर जाम खूश!

कोहमाऱ्याहून निघालो आणि पहिल्याच गतिरोधकावर खाड्! मागून ‘आई गं’ आलं. दुसऱ्या खड्ड्यात पुन्हा खाड्. तिसऱ्यानंतर मागून काहीच आलं नाही. आई बोलायची थांबली की परिस्थिती गंभीर असते. शेवटी ती हळूच म्हणाली, ‘‘अरे, मी उतरते. फोनवर बोलेन तिच्याशी.’’

सडक अर्जुनीत एका टपरीवजा गॅरेजसमोर गाडी लावली. मिस्त्रीने आईला बसायला स्टूल दिलं, शॉकअपकडे एक नजर टाकली आणि निदान सांगून टाकलं. ‘‘हे तं एकट्याचं सेटिंग हाये भाऊ. माय मांगं बसली, तं स्प्रिंग आधीच खाली बसली. आता दबाले जागाच नाही. मंग झटका कुठं जाईन? मायच्या पाठीत.’’

डोक्यात ट्यूब पेटली. आपल्याला वाटतं सॉफ्ट म्हणजे आराम आणि टाइट म्हणजे त्रास. पण शॉकअपखालची ती पायऱ्यापायऱ्यांची रिंग फिरवल्याने स्प्रिंग कडक किंवा मऊ होतच नाही. स्प्रिंग तीच राहते. बदलतं ते एवढंच की, ती आधीपासून किती दाबून ठेवलीय. याला म्हणतात प्रीलोड. वजन कमी आणि प्रीलोड जास्त, तर बाइक उंच उभी राहते; खड्ड्यात चाक खाली उतरू शकत नाही आणि गाडी उडते. वजन जास्त आणि प्रीलोड कमी, तर सस्पेन्शन निम्म्याहून अधिक आधीच खर्च झालेलं असतं. मोठा खड्डा आला की ते शेवटच्या रबरावर जाऊन आदळतं. म्हणजे मी आईसाठी सगळ्यात मऊ सेटिंग शोधलं आणि तिला सगळ्यात कडक झटके दिले!

आणखी एक गोष्ट. मागची बाजू दबली की हेडलाइट वर बघायला लागतो. जंगलाच्या रस्त्यावर रात्री आपला उजेड सागाच्या शेंड्यावर आणि समोर रानडुक्कर, हा सीन कुणालाच नको.

मिस्त्रीने दोन्ही बाजू चौथ्या खाचेवर नेल्या, मागच्या चाकात हवा भरली. पुन्हा निघालो. पहिला गतिरोधक गेला. दुसरा गेला. तिसऱ्यावर आईने मावशीच्या सुनेचा विषय काढला. शॉकअप बरोबर बसल्याची याहून पक्की टेस्ट माझ्या माहितीत नाही.

तर मंडळी, पुढच्या वीकेण्डला निघण्याआधी अर्धा तास काढा. आधी हवा. टायर थंड असताना बघा आणि बाइकवरच्या स्टिकरचा आकडा पाळा. बऱ्याच दीडशे सीसी बाइकना मागे एकट्यासाठी २८ आणि दोघांसाठी ३२ पीएसआय लागते. मग सेंटर स्टॅण्डवर बाइक लावून मागच्या ॲक्सलपासून सरळ वर सीटखालच्या एका खुणेपर्यंत टेपने मोजा. स्टॅण्ड काढून नेहमीच्या वजनासह बसा आणि मित्राला पुन्हा मोजायला सांगा. फरक साधारण तीस मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे शॉकअपच्या एकूण हालचालीच्या पाव ते एक तृतीयांश हवा. जास्त भरला तर रिंग एक खाच वर, कमी भरला तर एक खाच खाली. टूलकिटमधला तो कोयत्यासारखा वाकडा पाना याचसाठी असतो. दोन शॉकअप असतील तर दोन्ही सारखेच ठेवा. एका वेळी एकच बदल करा आणि त्याच रस्त्यावर फिरून बघा.

सीट जोरात दाबून सोडा. बाइक वर येऊन शांत झाली तर ठीक. दोन-तीनदा उड्या मारत राहिली किंवा शॉकअपवर तेल दिसलं, तर रिंग फिरवून उपयोग नाही. आतलं डॅम्पिंग गेलंय, गाडी मिस्त्रीकडे न्या.

सगळ्यात महत्त्वाचं, मागे बसणाऱ्याला विचारा. हॅण्डल आपल्या हातात असतं, खड्डा आपल्याला आधी दिसतो, आपण पायांवर जरा उठतोही. मागच्याला तो थेट पाठीतच कळतो.

आईला एसटीत बसवून मी एकटाच नागपूरला परतलो आणि चौथी खाच तशीच विसरलो. भंडाऱ्यापर्यंत दगडावर बसल्यासारखं वाटत होतं. तिथे रिंग दुसऱ्या खाचेवर आणली तेव्हा कुठे बरं वाटलं.

आता दर दोन महिन्यांनी मावशीकडे फेरी होते. निघताना मी हेल्मेट घेतलं का, हे आई विचारतेच. पण त्याआधी विचारते, ‘‘तो वाकडा पाना घेतलास ना रे?’’