भाऊजींच्या नावाची एक ओळ



महावीर जयंती होऊन चार दिवस झाले होते. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची म्हणून माझी भाकरीची घाई चालली होती, आणि ओट्यावरचा फोन एकसारखा वाजत होता. हात धुऊन बघितलं तर समाजाच्या ग्रुपवर नात्यातल्याच एका गृहस्थांचा मेसेज. माझ्या धाकट्या दिरांचं नाव घालून लिहिलं होतं की यांनी देवाचं द्रव्य खाल्लं.

सावंतवाडीत आपली घरं मोजकी. भाऊजी सहा वर्षं समाजाच्या निधीचा हिशेब बघतात, एक पैसा मानधन न घेता. त्यांच्या मुलीचं, म्हणजे माझ्या पुतणीचं, घाटावरच्या एका घरी जुळत आलं होतं. त्या घरचे दोघे त्याच ग्रुपवर होते. पुढच्या आठवड्यात येणार म्हणालेली मंडळी आलीच नाहीत. फोन केला की "कळवतो" म्हणत. जाऊबाईंनी बाजारात जाणं सोडलं. उभाबाजारात कोणी नुसतं "काय वहिनी, बऱ्या आहात ना?" म्हटलं तरी त्या घरी येऊन रडायच्या.

घरच्यांचं मत एकच. गप्प बसा, धुरळा आपोआप खाली बसतो. आपल्यात बहुतेक घरी हेच करतात, आणि त्याला क्षमा हे नाव देतात. मीही तीन महिने दिलं.

मग आषाढातल्या एका धो धो पावसात आम्ही वकिलांकडे गेलो. मी, जाऊबाई आणि नाइलाजाने आलेले भाऊजी. मी रागात चार पानं लिहून नेली होती. वकील इथलेच, मालवणीत बोलणारे. पानं न वाचताच म्हणाले, "वयनी, राग नको, तारीख-वार लिवन हाडा."

त्यांनी सांगितलेलं पहिलंच वाक्य माझ्या मनाविरुद्ध होतं. तक्रार मी करू शकत नाही. ज्याच्या नावाला धक्का लागला, तोच कायद्याच्या दृष्टीने पीडित. वहिनीला कितीही वाईट वाटलं तरी तिचं दुःख कोर्टापुढे नाही. याला अपवाद आहेत. ती व्यक्ती अठरा वर्षांखालची असेल, आजारपणाने किंवा दुर्बलतेने तक्रार करू शकत नसेल, तर कोर्टाची परवानगी घेऊन दुसरं कोणी तक्रार करू शकतं. गेलेल्या माणसाबद्दल घरच्यांना दुखवायच्या हेतूने खोटं पसरवलं, तर तीही बदनामी ठरू शकते. माझ्या सासऱ्यांबद्दल पूर्वी एकदा कोणी असंच बोललं होतं, आणि माणूसच राहिला नाही तर काय करणार म्हणून आम्ही गप्प बसलो होतो, ते तेव्हा आठवलं.

पोलिसांकडे भाऊजी आधीच जाऊन आले होते. तिथल्या हवालदारांनी नीट बसवून सांगितलं होतं की बदनामी अदखलपात्र आहे. ते एन.सी. लिहून घेतील, पण त्यावर स्वतःहून तपास करून कोणाला उचलून आणणार नाहीत. आम्हाला वाटलं, टाळताहेत. वकील म्हणाले, नाही, कायदाच तसा आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, आणि जुनं कलम ४९९-५०० आता ३५६ झालं. दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, आणि नव्याने आलेली समाजसेवेची शिक्षा. पण त्यासाठी स्वतः मॅजिस्ट्रेटपुढे खाजगी फिर्याद करावी लागते. समोरच्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय मॅजिस्ट्रेट आता दखलही घेत नाहीत. हे कलमच नको, असं म्हणणारे लोक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. २०१६ साली न्यायालयाने ते कायम ठेवलं आणि अब्रू हाही माणसाच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं म्हटलं.

दुसरा रस्ता दिवाणी. नुकसानभरपाई मागायची, पुन्हा असं बोलू नये म्हणून मनाई मागायची. त्याची मुदत ऐकून मी वकिलांना परत विचारलं. एक वर्ष! फौजदारी फिर्यादीला तीन वर्षं मिळतात, दिवाणी दाव्याला मजकूर पसरला त्या दिवसापासून एकच. आमचे तीन महिने धुरळा खाली बसायची वाट बघण्यातच गेले होते.

मेसेज पुसला गेला तर? माझ्याकडे स्क्रीनशॉट होता, म्हणून मी निर्धास्त होते. वकिलांनी फोन बदलू नका, विकू नका, ग्रुप सोडू नका असं बजावलं. जालन्याच्या एका निवडणुकीच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितलं की मूळ उपकरणच कोर्टापुढे आणलं नसेल, तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या नकलेसोबत कायद्यात सांगितलेलं प्रमाणपत्र लागतंच. नुसत्या छापील चित्राचा भरवसा धरू नये. आणि ग्रुपच्या अ‍ॅडमिनवर माझा फार राग होता, त्यांनी मेसेज काढला नाही म्हणून. तोही गिळावा लागला. गोंदियाच्या एका प्रकरणात नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये ठरवलं आहे की दुसऱ्याने टाकलेल्या मजकुरासाठी, संगनमत असल्याशिवाय, अ‍ॅडमिनला दोषी धरता येत नाही. मात्र तोच मजकूर पुढे ढकलणारी व्यक्ती सुटत नाही. आपल्यातल्या दोघी-तिघींनी तो "बघा बाई काय ऐकायला येतंय" म्हणत ढकलला होता. त्यांची नावं मी इथे लिहीत नाही. त्या हे वाचतात.

मग वकिलांनी भाऊजींकडे वळून विचारलं, "हिशेब चोख आहे? मनापासून सांगा. उलटतपासणीत प्रत्येक पावती निघेल." भाऊजी म्हणाले, एक चूक आहे. साडेचार हजारांची एक देणगी चुकून दुसऱ्या महिन्यात लिहिली गेली आहे. पैसे बँकेत आहेत, पावती आहे, फक्त नोंद चुकीच्या पानावर. जाऊबाईंचा चेहरा उतरला. मला वाटलं, हे आता बोलायची काय गरज होती?

माझं माहेर कोल्हापूरकडचं. शाळेत टिळक-आगरकरांच्या डोंगरीच्या तुरुंगवासाचा धडा आम्ही अभिमानाने वाचला. तरुण छत्रपती चौथे शिवाजी यांचा छळ चालला आहे आणि त्यामागे कारभारी माधवराव बर्वे आहेत, असं 'केसरी' आणि 'मराठा'ने लिहिलं. आधाराला बर्व्यांच्या नावची पत्रं होती. बर्वे मुंबईच्या कोर्टात गेले आणि पत्रं बनावट निघाली. दोघा संपादकांनी माफी मागितली, तरी जुलै १८८२ मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली, त्यातले १०१ दिवस त्यांनी डोंगरीत काढले. महाराजांबद्दलची त्यांची काळजी पोकळ नव्हती. पुढच्याच वर्षी अहमदनगरच्या किल्ल्यात त्या तरुण राजाचा दुर्दैवी अंत झाला. पण काळजी खरी असली म्हणून पत्रं खरी होत नाहीत. ही गोष्ट मी आजवर नेहमी तुरुंगाच्या बाजूने ऐकली. या वर्षी पहिल्यांदा मनात आलं, बर्व्यांच्या घरातल्या बायकांनी ते महिने कसे काढले असतील? त्यांच्या दारात कोण येत होतं, कोण यायचं थांबलं होतं?

घरी येऊन मी रत्नकरंड श्रावकाचार काढला. सत्य अणुव्रताचे पाच अतिचार समंतभद्र आचार्यांनी सांगितलेत, पाठशाळेत पाठ केलेले: परिवाद, रहोभ्याख्यान, पैशून्य, कूटलेखकरण, न्यासापहार. भाऊजींवरचा आरोप शेवटचा, विश्वासाने ठेवलेलं लाटल्याचा. आरोप करणाऱ्याचा दोष पहिला आणि तिसरा, निंदा आणि चहाडी. आणि ती चुकीची नोंद आम्ही लपवली असती, पान बदलून लिहिलं असतं, तर मधला कूटलेख आमच्या खात्यावर आला असता.

कोर्टात जाणं म्हणजे क्षमाधर्म सोडणं, असं मला एका ज्येष्ठ बाईंनी सांगितलं. मला ते पटत नाही. संकल्पी हिंसा श्रावकाने सोडायची. घरावर चालून आलेल्याला अडवताना होते ती विरोधी, तिची गणती गृहस्थासाठी वेगळी आहे. अंजनासतीची कथा आपण सगळ्या ऐकतो. पवनंजयाची खूण दाखवूनही सासूने विश्वास ठेवला नाही, माहेरानेही दार लावलं, बरोबर गेली ती एकटी वसंतमाला. त्या दरबारात एकाने जरी "थांबा, मुलगा परत येऊ दे, त्याला विचारू" असं म्हटलं असतं, तर गर्भारशीला रानात जावं लागलं नसतं. तसं म्हणणाऱ्याला क्षमाहीन कोणी म्हटलं असतं का?

श्रावणात नोटीस गेली, रजिस्टर पोस्टाने. भाऊजींच्या हट्टाने त्यात ती चुकीची नोंदही कबूल केली होती, बँकेच्या उताऱ्यासकट. पैसे मागितले नाहीत. ज्या ग्रुपवर लिहिलं, त्याच ग्रुपवर एक ओळ मागितली, की मी लिहिलं ते खोटं होतं. वकिलांनी एक गोष्ट आवर्जून घालायला लावली. शंका होती तर धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज करायचा होता. सद्भावनेने योग्य अधिकाऱ्याकडे केलेली तक्रार बदनामी होत नाही, तिचं आम्ही स्वागतच केलं असतं. मला हे वाक्य फार आवडलं. प्रश्न विचारायची जागा आणि चिखल फेकायची जागा यांतला फरक त्यात आहे.

उत्तर आलं नाही. पर्युषण आलं, दहा दिवस गेले, अनंत चतुर्दशी झाली. क्षमावाणीच्या सकाळी ते गृहस्थ स्वतः आमच्या दारात. हात जोडून, डोळे मिटून म्हणाले, वर्षभरात कळत-नकळत मन दुखावलं असेल तर उत्तम क्षमा. भाऊजींनी लगेच हात जोडले, पाया पडले. वयाने मोठे आहेत ते. मी गाळलेलं पाणी घेऊन बाहेर आले. तांब्या पुढे केला आणि म्हटलं, "काका, क्षमा आमच्याकडून केव्हाच आहे. तेवढी ग्रुपवरची ओळ लिहा ना." ते हसले, म्हणाले, "आता कशाला जुनं उकरायचं, सूनबाई? आजचा दिवस काय!" पाणी प्यायले आणि पुढच्या घरी गेले.

भाऊजी दिवसभर बोलले नाहीत. संध्याकाळी मोती तलावाला एक चक्कर मारून आले. पुतणीनेच विषय काढला, "बाबा, त्या लोकांना क्षमावाणीचा मेसेज मीच पाठवला. उत्तर आलं, उत्तम क्षमा. बाकी काही नाही."

ती ओळ अजून आलेली नाही. पुढच्या वर्षीचं कालनिर्णय परवा घरात आलं, तेव्हा भाऊजींनी चैत्राचं पान काढून वर्ष भरण्याच्या महिनाभर आधीच्या तारखेला पेनने गोल केला. आणि वकिलांना फोन करून विचारलं, फिर्यादीवर सही करायला किती दिवस आधी यावं लागेल.