काचेतला समुद्र आणि आपली अमानत

आखातातून कायमचा परतलेला माणूस पहिले काही महिने आपल्याच घरात पाहुणा असतो. पाण्याची मोटर किती वाजता लावायची, गॅसचे पुस्तक कुठल्या खणात आहे, दूधवाल्याचा हिशेब कसा ठेवतात, यातले त्याला काही ठाऊक नसते. घर त्याच्याशिवाय चालायला शिकलेले असते. मी २७ वर्षे कुवेतमध्ये एसी मेकॅनिक होतो. २०२२ साली श्रीवर्धन तालुक्यातल्या आमच्या गावी परतलो, तेव्हा धाकटी लेक पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकत होती. व्हिडिओ कॉलवर रोज बोलणारे आम्ही बापलेक एका खोलीत बसलो की पाच मिनिटांत विषय संपत.

एकदा तिला कुवेतच्या सालमिया भागातल्या सायंटिफिक सेंटरमधल्या मत्स्यालयाविषयी सांगत होतो. सुटीच्या दिवशी मी तिथे काचेपुढे तासन्‌तास उभा राहत असे. खाऱ्या पाण्याचा तसा एखादा हौद घरी करावा, ही माझी जुनी इच्छा. ती लगेच म्हणाली, "अब्बा, करू या. सगळं ऑटोमॅटिक करू. पाणी, दिवे, थंडावा, सगळं कंट्रोलरवर." त्या दिवशी आमचे बोलणे इशाच्या अजानपर्यंत चालले.

पण घर म्हणजे आम्ही दोघेच नव्हतो. दस्तरखानावर विषय निघाला आणि अम्मींनी घास खाली ठेवला. त्या फार शिकलेल्या नाहीत, पण दीनच्या गोष्टी त्यांना पाठ आहेत. म्हणाल्या, "मांजर कोंडून ठेवणाऱ्या बाईची हदीस तुला ठाऊक आहे ना? तिने त्याला खायलाही दिलं नाही आणि सोडलंही नाही. मासा तर बिचारा ओरडतही नाही."

मी गप्प झालो. नंतर गावच्या मौलानांना विचारले. त्यांनी हजरत अनस (र.) यांच्या धाकट्या भावाची, अबू उमैरची आठवण करून दिली. त्या मुलाने एक छोटा पक्षी पाळला होता. प्रेषित (स.) त्याला लाडाने पक्ष्याचे हालहवाल विचारीत, पाळू नकोस असे म्हणाले नाहीत. मौलाना म्हणाले, "पाळायला हरकत नाही. हरकत उपाशी ठेवण्याला, हाल करण्याला आहे. जीव घरात आणला की ती अमानत झाली." म्हणजे अम्मींचा प्रश्न तसाच राहिला. ही अमानत आपल्याच्याने सांभाळली जाईल का?

बायकोचा प्रश्न वेगळा होता. मी सहा फुटी टाकीचा आराखडा काढला होता. तिने कागद हातात घेऊन विचारले, "महिन्याला किती युनिट?" आम्ही हिशेब केला. चार फुटी टाकी धरली, तरी पंप, दिवे आणि पाणी थंड ठेवणारा चिलर मिळून दिवसाला साडेतीन ते चार युनिट, म्हणजे महिन्याला ११० च्या आसपास. सहा फुटीला याहून पुष्कळ जास्त. "मग चार फुटीच. त्यापुढे इस्राफ," ती म्हणाली. आणि उठता उठता दुसरे वाक्य बोलली, "तुम्ही नव्हतात तेव्हा सगळं मीच चालवलं. तुमची ही टाकीही शेवटी माझ्याच अंगावर येणार." हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले. पुढची प्रत्येक गोष्ट ठरवताना ते पान उघडून पाहिले.

तिसरी अडचण लेकीने शोधून काढली. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून खडक बांधणारे सगळे प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे आहेत. म्हणजे कायद्याने त्यांना वाघाच्या पंक्तीला बसवले आहे. एका दुकानदाराने तरीही जिवंत प्रवाळ देऊ केले, वर "कोण विचारतंय?" असेही म्हणाला. कोणी विचारत नाही, हे मोमिनाला कारण पुरत नाही. सूरह अर्रहमानमध्ये अल्लाहने मोती आणि मर्जान, म्हणजे पोवळे, यांना आपल्या देणग्यांमध्ये मोजले आहे. त्याच सूरहच्या सुरुवातीला मीजानचा, तराजूचा उल्लेख आहे, आणि तोल बिघडवू नका अशी ताकीद आहे. प्रवाळ दूर कुठे नाहीत. मालवणच्या समुद्रात आहेत, मुंबईत हाजी अलीजवळच्या खडकांवरही आहेत. कोस्टल रोडच्या कामासाठी तिथल्या काही वसाहती २०२० मध्ये उचलून दुसरीकडे लावल्या गेल्या. जो जीव सरकारला इतका जपून हलवावा लागतो, तो दिवाणखान्यात कशाला? आम्ही ठरवले की खडक सुके आणि सच्छिद्र घ्यायचे, प्रवाळ एकही नाही. मासेही समुद्रातून पकडलेले नकोत. काही देशांत प्रवाळातले मासे सायनाइड फवारून, गुंगी आणून पकडतात. क्लाउनफिशची पैदास मात्र बंदिस्त जागेत होते. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने आपल्याकडे ते तंत्र बसवले आहे. हॅचरीत वाढलेलेच मासे घ्यायचे ठरले.

मग बांधकाम सुरू झाले. टाकी १२० सेंटीमीटर लांब, ५० रुंद, ५० उंच. तिच्यात ३०० लिटर मावतात, म्हणजे नुसत्या पाण्याचेच वजन ३०० किलोंच्या वर. म्हणून तळमजल्यावर, भिंतीला लागून, लोखंडी चौकटीवर ठेवली. खाली १२० लिटरची दुसरी टाकी, तिला सम्प म्हणतात. वरचे पाणी गाळत खाली येते, पंप ते परत वर चढवतो. खालच्या टाकीत पाणी ७० लिटरच ठेवले. वीज गेली की नळ्यांतले आणि वरच्या काठावरचे वीसेक लिटर पाणी खाली उतरते, त्याला जागा हवी. खडकांनी अडवलेली जागा वजा जाता दोन्ही मिळून पाणी ३४० लिटर. लिटरमागे ३५ ग्रॅम या हिशेबाने मीठ लागले १२ किलो. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही, मत्स्यालयाचे वेगळे मिश्रण येते.

शेजारी हसले, "समुद्र दारात आणि हा मीठ विकत आणतोय!" पण अम्मी माझ्या बाजूने बोलल्या. त्यांचे माहेर मासेमारीचे. पावसाळ्यात खाडीचे पाणी किती गोडे आणि गढूळ होते, होड्यांच्या डिझेलचा तवंग कुठवर येतो, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही.

माझ्या धंद्यातल्या दोन गोष्टी इथे उलट्या झाल्या. आयुष्य तांब्याच्या नळ्या जोडण्यात गेले, पण खाऱ्या पाण्यात तांबे उतरले तर कोळंबी आणि गोगलगायींना ते विष आहे. म्हणून चिलर टायटॅनियमच्या गुंडाळीचा घेतला. दुसरे, कुवेतच्या कोरड्या हवेत पाण्यावर नुसता पंखा सोडला तरी पाणी थंड होते. कोकणात हवाच ओली, बाष्प सुटणार कसे? जूनमध्ये पंखा नुसता फिरत राहतो. चिलर २७ अंशांना चालू होतो, २६ ला बंद. मे महिन्यात आमची खोली ३३ वर जाते, तेव्हा त्याला दम नसतो.

खरा वाद झाला तो पाणी भरण्यावरून. टाकीतले पाणी रोज तीन-चार लिटर उडते, मीठ मागे राहते. आठवडाभर पाणी घातले नाही तर खारटपणा ३५ वरून ३८ वर जाईल. म्हणून वर घालायचे ते गोडे, आरओचे पाणी, तेही रोज थोडे थोडे. लेकीचे म्हणणे, आरओची नळी थेट जोडू, पातळी उतरली की सेन्सर व्हॉल्व्ह उघडेल, कोणाला काही करायला नको. मी म्हटले, "बाळा, यंत्र बंद पडेल का हे विचारू नकोस. बंद पडेल तेव्हा कुठल्या बाजूला पडेल ते विचार." रिले चिकटलेला कॉम्प्रेसर मी शेकडो वेळा पाहिला आहे. रात्री सेन्सर अडकला तर नळ सकाळपर्यंत वाहील, मासेही जातील आणि फरशीही. त्यापेक्षा २० लिटरचा डबा ठेवू, पंप त्यातून पाणी घेईल. सगळे अडकले तरी २० लिटरच जातील. तिने स्वतः गणित केले. ३५ चा खारटपणा ३३ वर येतो, मासे ते सोसतात. खालच्या टाकीतली ५० लिटरची रिकामी जागाही पुरते. तिने नळी काढून टाकली आणि वर दुसरा फ्लोट स्विच लावला, पहिला अडकला तर तोडायला. डबा पाच दिवसांनी हाताने भरावा लागतो. तेवढे काम माणसाकडे राहिलेले बरे, त्या निमित्ताने टाकीकडे पाहणे होते.

बाकी सारे तिचे. ईएसपी-३२ नावाचा छोटासा बोर्ड तापमान वाचतो, दिवे आठ तास चालवतो, इशाच्या सुमारास मालवतो, काही बिघडले की फोनवर संदेश पाठवतो. मी दोन अटी घातल्या. प्रत्येक रिलेशेजारी साधे हाताचे बटण हवे, त्यावर मराठीत नाव हवे: 'पंप', 'चिलर', 'दिवे'. आणि सगळ्या जोडणीला ३० मिलीअँपिअरचा ईएलसीबी हवा. खारे पाणी आणि वीज शेजारी ठेवून त्याशिवाय घरात कोणी निर्धास्त झोपू नये.

राहिली वीज. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्याच किनाऱ्यावर आले. मी तिकडे अडकलेलो, आणि इथे घराने कित्येक आठवडे अंधारात काढले. अशा वेळी चिलर बॅटरीवर चालणार नाही, आणि चालायची गरजही नाही. वीज गेल्यावर मासे आधी उष्णतेने मरत नाहीत, पाणी थांबले की प्राणवायू संपून मरतात. म्हणून १२ व्होल्टची १५० अँपिअर-तासांची बॅटरी, तिच्यावर फक्त २० वॉटचा पाणी ढवळणारा पंप. बॅटरी निम्मीच वापरली तरी ४५ तास निघतात.

पाणी भरले ते रमजानच्या आधी. नव्या टाकीत लगेच मासे सोडत नाहीत. माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो. तो पचवून नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू खडकांत वसायला पाच-सहा आठवडे लागतात. सगळा रमजान आमच्या टाकीत नुसते पाणी फिरत होते. लहान पोरे विचारायची, "मासे कुठे?" अम्मी म्हणायच्या, "टाकीचाही रोजा आहे." ईदनंतर चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, तेव्हा दोन क्लाउनफिश आणले. शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी अम्मींनीच ओहोटीला खडकांवरून वेचून दिल्या.

पुढच्या पावसाळ्यात आम्हा नवराबायकोला उमऱ्याची संधी मिळाली. धाकटी वसतिगृहावर. अम्मींच्या सोबतीला थोरली लेक सासरहून आली, तिने टाकीला कधी हात लावला नव्हता. निघण्यापूर्वी एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत सात ओळी लिहून टाकीशेजारी टांगल्या. मक्केत असतानाच गावाकडे वादळी पाऊस झाला. ३१ तास वीज नव्हती. मोबाइलचा टॉवरही बंद, त्यामुळे धाकटीच्या फोनवर जायचा संदेश गेलाच नाही. ज्या यंत्रावर तिचा सर्वांत जास्त भरवसा होता, ते त्या दिवशी मुके होते. बॅटरीवरचा पंप मात्र चालू होता. थोरलीने पुठ्ठा वाचला. 'वीज नसेल तर खाणे देऊ नका.' दिले नाही, कारण न खाल्लेले अन्न कुजते आणि पाण्यातला प्राणवायू खाते. 'मासे वर येऊन तोंड उघडतात का पाहा.' अम्मी कंदील घेऊन दर नमाजेनंतर पाहून येत. पाणी २९ अंशांपर्यंत चढले. वीज आली, चिलर सुरू झाला, सगळे जागेवर होते. अल्हम्दुलिल्लाह.

परत आल्यावर अम्मींनी एवढेच सांगितले, "मासे बरे आहेत. पण डबा भरताना मला वाकवत नाही, त्याला तोटी लाव." मी तोटी लावली.

क्लाउनफिश काचेत दहा वर्षांहून जास्त जगतो. माझे वय ५६. धाकटीचे उद्या लग्न होईल. ही टाकी कोणाच्या हाती राहील, हे मला माहीत नाही. म्हणून सांगावेसे वाटते, घरात कुठलेही यंत्र बसवाल, टाकीचे असो वा पाण्याचे वा विजेचे, ते बनवणाऱ्याच्या अकलेसाठी नको. घरातल्या सर्वांत थकलेल्या हाताला झेपेल असे हवे. उंट आधी बांधावा, मग तवक्कुल करावे, ही शिकवण आपण सगळे ऐकत आलो आहोत. दोर मात्र असा बांधावा की आपण नसताना दुसऱ्यालाही तो सोडता-बांधता यावा. यंत्र रोजचे ओझे उचलते. जबाबदारी ते उचलत नाही, ती अमानत माणसाकडेच राहते. अल्लाह आपल्या सगळ्यांना ती निभावण्याची ताकद देवो. आमीन.