घर बंद आढळले

‘सदर अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नाही. घर बंद आढळले.’ माझ्या पोलीस पडताळणीच्या अहवालातलं हे वाक्य आठवलं की आजही डोकं तापतं.

मुंबईतल्या अणुऊर्जा क्षेत्रातल्या एका केंद्रीय संस्थेत ज्युनिअर रिसर्च फेलोशिपसाठी निवड झाली होती. महिना 37,000 रुपये. साक्षांकन नमुना भरला, मागच्या पाच वर्षांतले पत्ते दिले. छत्रपती संभाजीनगरच्या वसतिगृहाचा अहवाल बिनतक्रार आला. अडलं ते बीड जिल्ह्यातल्या गावापाशी.

महिना डिसेंबरचा. डिसेंबरात आमच्याकडे कुठल्या घराला कुलूप नसतं ते सांगा! दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्याला जातात, त्या उन्हाळा लागल्यावरच परततात. आई-अण्णा कोल्हापूरकडे कोयत्यावर होते. आजी गेल्यापासून मागे कोणी नाही. हे पोलीस ठाण्याला माहीत नव्हतं? उचलीवरून मुकादमाशी झालेली भांडणं त्याच ठाण्यात येतात. शेजारी विचारायचं, पोलीस पाटलांना फोन करायचा. गावची खबर ठेवायला तर ते पद आहे. कुलूप बघून माणूसच नाही असं लिहिणं, तेही ज्यांचं अर्धं वर्ष फडात जातं त्यांच्याबद्दल! घर नसलेल्यांत काढलं आम्हाला.

संस्थेने रुजू होणं थांबवलं. फेरपडताळणीसाठी आई खाडा करून आली. रेशनकार्ड, घरपट्टीची पावती, माझी शाळेची टीसी, सगळं खताच्या पिशवीत गुंडाळलेलं. गोपनीय शाखेच्या हवालदारांनी विचारलं, “मावशी, पोरगी कुठं राहती?” आई म्हणाली, “साहेब, घर हितंच हाय. आमी पोटासाठी हिंडतो.” त्यांनी शाईचा पॅड पुढे सरकवला. आईने तो बाजूला केला, पेन मागितलं आणि पाचटाने चिरलेल्या बोटांनी एकेक अक्षर गिरवत जबाबावर सही केली.

पडताळणीच नको, असं मात्र मी म्हणणार नाही. आता आत काम करते. शेजारच्या टेबलावरचा माणूस कोणीतरी तपासलेला असावा, असं मलाही वाटतं. हवालदारांवरचा रागही पुढे कमी झाला. इतकी गावं, एक माणूस, एक मोटरसायकल. तरी ते वाक्य माफ करवत नाही.

आमच्याकडच्या पोरांनो, हंगामात पडताळणी येणार असेल तर अर्जासोबत वेगळा कागद जोडा: पोलीस पाटलांचा नंबर, शेजाऱ्याचं नाव, आई-वडील कुठल्या कारखान्याला आहेत ते. आणि आंदोलनात केस पडली असेल तर लपवू नका. 2016 च्या अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की माहिती खरीच द्यायला हवी; ती दडवली म्हणून नेमणूक जाऊ शकते.

दुसरा अहवाल नीट आला, मी रुजू झाले. आईच्या खाड्याचे पैसे मुकादमाने कापले ते कापलेच. चुकीचा अहवाल लिहिणाऱ्याचं काहीच कापलं गेलं नाही.