दिग्व्रत घेतलेली आगगाडी

श्रावकाच्या बारा व्रतांपैकी परिग्रह-परिमाण आणि दिग्व्रत ही दोन व्रते व्यापारी घराण्यांच्या विशेष परिचयाची आहेत. किती बाळगायचे आणि कोणत्या दिशेला कुठवर जायचे, याची मर्यादा ज्याने त्याने स्वतः आखून घ्यायची. निवृत्तीनंतर एका छोट्या आगगाडीच्या निमित्ताने या दोन्ही व्रतांचा मला नव्याने विचार करावा लागला.

तारुण्यात हौसेने घेतलेला छोट्या रेल्वेचा संच बँकेतील बदल्यांच्या काळात माळ्यावर गेला होता. अष्टमीच्या घरी स्थिरावल्यावर तो खाली उतरवला. पितळी रुळांवर काळसर थर साचला होता. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला. इंजिनाच्या दंतचक्रांवर तेलाचा एकेक थेंब सोडला. बारा व्होल्टचा प्रवाह देताच इंजिन जरासे अडखळले आणि धावू लागले. माझा आनंद पाहून सौभाग्यवतींनी शांतपणे विचारले, "या वयात आवराआवर करायची, की नवा पसारा मांडायचा?"

प्रश्न रास्त होता. हा छंद माणसाला सहज संग्रहाच्या मागे लावतो. एक इंजिन आले की दुसरे हवेसे वाटते. मग डबे, सिग्नल, स्थानके, झाडे. दुसरीकडे, निष्ठेने जोपासलेला हाच छंद किती जणांना आनंद देतो, हे पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयात दिसते. १९९८ साली खुले झालेले ते संग्रहालय पाहताना लहान-थोर सारखेच रमतात. मला मात्र एकच खोली उपलब्ध होती. म्हणून खरेदीपूर्वी वही घेऊन हिशेब मांडला.

माझा संच 'एचओ' मापाचा, म्हणजे मूळ वस्तूच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढा. रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत कोकण रेल्वे सुमारे ७४१ किलोमीटर आहे. या मापातही ती साडेआठ किलोमीटर भरेल! उलट, माझ्या खोलीची बारा फुटांची भिंत प्रत्यक्षातील जेमतेम ३१८ मीटरांएवढी. वीस डब्यांची गाडीही तिच्यात मावणार नाही. एका इंजिनाला चार डबे जोडले, तरी चार फूट लागतात.

आणखी एक अडचण रुळांची. आपल्या ब्रॉडगेजची रुंदी १६७६ मिलिमीटर आहे. तिची प्रतिकृती सुमारे १९.३ मिलिमीटर व्हायला हवी. बाजारातील एचओ रूळ साडेसोळा मिलिमीटरचे, कारण ते परदेशी १४३५ मिलिमीटरच्या मार्गावरून बेतलेले. ही तफावत मी स्वीकारली.

मग दिशा ठरवल्या. गोल फेऱ्या मारणारी गाडी नको. तिला कुठेच पोहोचायचे नसते. दोन भिंतींलगत काटकोनात फळी, कोपऱ्यात अडीच फूट त्रिज्येचे वळण. एका टोकाला रोहा, दुसऱ्या टोकाला कोलाड, मध्ये भाताची खाचरे. पनवेल आणि गोवा पडद्यामागच्या दोन रुळांवर. आपट्याहून १९८६ मध्ये रोह्याला आलेला मार्ग १९९३ मध्ये वीरपर्यंत पुढे जाईतो येथेच संपत असे. म्हणून रोहा म्हणजे 'शेवटचे स्थानक' ही माझ्या पिढीची जुनी ओळख.

काळ निवडला तो १९९९ चा. त्या वर्षी कोलाड-वेर्णा 'रो-रो' सेवा सुरू झाली. मालाने भरलेले ट्रक थेट वाघिणींवर चढून रेल्वेने गोव्याकडे जाऊ लागले. व्यापाऱ्याच्या घरात ही गाडी शोभणारच. शिवाय तेव्हा हा मार्ग डिझेलचा होता, म्हणून विजेच्या तारांचे बारीक काम आपोआप वाचले.

शेवटी परिमाण. दोन इंजिने, चार प्रवासी डबे, सहा वाघिणी, एवढेच. नवे काही आले, तर त्याच जातीचे जुने कोणा मुलाला द्यायचे. वर्षाचा खर्च आरंभीच लिहून ठेवायचा. सुतारकामात प्राण्यांच्या अवशेषांपासून केलेला सरस नको, कृत्रिम रेझिनचा पांढरा गोंद वापरायचा. रंगाचे कुंचलेही नायलॉनचे. सौभाग्यवतींनी यादी वाचली आणि वाघिणींच्या रकान्यापुढे स्वतः 'सहाच' असे लिहिले.

परिग्रह म्हणजे वस्तू नव्हे, तिच्यावरील मूर्च्छा, असे आपण प्रवचनात ऐकतो. छंदाला सीमा घातली की हातातली वस्तू अधिक नीट दिसते, हा मला आलेला प्रत्यय. ३१८ मीटरांत काय ठेवायचे हे ठरवताना, आपल्याला खरोखर काय प्रिय आहे तेही कळले: एक नदीकाठचे गाव, एक स्थानक आणि मालाचे ट्रक घेऊन वेळेवर सुटणारी एक गाडी. उरलेला देश पडद्यामागे सुखाने राहो.